यंत्राचा दोष आणि माणसावरचा ठपका



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्हांला येथून दिसले. त्यांचे हसणे रास्तच आहे. व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, समाजसुधारणा असे भारदस्त विषय आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्या पंक्तीला टेलिव्हिजनखालच्या त्या काळ्या डब्याने येऊन बसावे, आणि तेही चालता चालता आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या डब्याने, हे थोडे विपरीतच. परंतु आमची विनंती एवढीच की, तासभर धीर धरावा. या डब्याच्या निमित्ताने आम्हांला जी गोष्ट सांगायची आहे, ती केवळ डब्याची नाही. दोष कसा शोधावा आणि तो सापडण्याआधी कोणाच्या माथी मारू नये, हा आमचा खरा विषय आहे.

गोष्ट २०२० सालच्या पावसाळ्यातली. त्या वर्षी मार्च महिन्यापासून करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपे लागली होती. शहरातल्या मुलांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले; पण ज्या घरात एकच साधा फोन, आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जाणारा, त्या घरातल्या मुलांनी काय करावे? अशा मुलांसाठी त्या वर्षीच्या जुलै महिन्यात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती आणि पहिलीपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ती होती. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. एका इयत्तेच्या वाट्याला अर्ध्या तासाहूनही कमी वेळ येई. शाळेची घंटा चुकली तर गुरुजी मागच्या बाकावर तरी बसू देतात. येथे तशी सोय नव्हती.

आपल्या मंठ्यातल्याच एका पत्र्याच्या घरात पाचवीतली एक मुलगी रोज वही-पेन्सिल घेऊन या शाळेला बसत असे. त्यांच्या घरावर दूरदर्शनची ‘फ्री डिश’ होती. महिन्याच्या महिन्याला पैसे न भरता वाहिन्या दाखवणारी ही सरकारी सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली होती. एकदा छत्री आणि डबा घेतला की झाले. अशा घरांना ती किती मोठा आधार आहे, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

पण त्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. धडा ऐन रंगात यावा, अपूर्णांकाची बेरीज फळ्यावर मांडली जावी, आणि पडदा काळा व्हावा. मग डब्यावरचा दिवा मिणमिणे, कंपनीचे चिन्ह पडद्यावर येई, थोड्या वेळाने वाहिनी परत दिसू लागे. तोवर बेरीज पुसली गेलेली असे. पुन्हा दहा-पंधरा मिनिटांनी तोच खेळ. एका धड्यात दोनदा असे झाले म्हणजे त्या धड्यातले हाती काय लागणार?

आता घरातल्या मंडळींनी याचा अर्थ काय लावला तो ऐका. वडिलांनी आधी डबा बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो सकाळी लावला, संध्याकाळपर्यंत चालू ठेवला, आणि सांगितले, “यात काही बिघाड नाही. दिवसभर एकदाही बंद पडला नाही.” वडील डबा घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी धड्याच्या वेळी डबा पुन्हा बंद. तेव्हा त्यांनी हिशेब मांडला : दुकानात बंद पडत नाही, घरी पडतो, आणि घरी पडतो तो पोरगी अभ्यासाला बसली म्हणजे. तात्पर्य, पोरगीच रिमोटची कळ दाबते. अभ्यास टाळायला याहून सोपी युक्ती कोणती?

त्या मुलीला बोलणी खावी लागली. आम्ही त्या घरी सहज म्हणून गेलो होतो, तेव्हा ती दाराशी बसली होती. आम्हांला पाहून एवढेच म्हणाली, “काका, मी हात बी लावला नाही त्याला.”

आम्हांला अशा वस्तू उघडून पाहण्याचा जुना नाद आहे. विद्वत्ता नव्हे, नादच. म्हणून आम्ही त्या कामात पडलो. पुढे जे घडले ते सांगण्यापूर्वी, या डब्यात काय चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे कोडे सुटणार नाही.

पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस हिंदी महासागरावर आपला जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. पृथ्वी ज्या गतीने फिरते त्याच गतीने तो फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. मंठ्यातून पाहिले तर ती जागा आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येते. फ्री डिशच्या छत्र्या गावभर एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या दिसतात, त्याचे कारण हे.

इतक्या लांबून येणारी लहर अतिशय क्षीण असते. छत्री तिला एका ठिकाणी गोळा करते. छत्रीपुढच्या दांड्यावर जो लहानसा ठोकळा असतो, ज्याला मिस्त्री लोक एलएनबी म्हणतात, तो तिला बळ देतो आणि तारेतून खाली पाठवण्याजोगी करतो. आता येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या ठोकळ्याला स्वतःला वीज लागते, आणि ती त्याला छपरावर वेगळ्या तारेने मिळत नाही. चित्र ज्या तारेतून खाली येते, त्याच तारेतून डबा वीज वर पाठवतो. कधी १३ व्होल्ट, कधी १८ व्होल्ट. म्हणजे एकाच वाटेने पाणी खाली आणि भाकरी वर! आणि डब्याला ही वीज कोठून मिळते? भिंतीतल्या बोर्डात खोचलेल्या त्या छोट्या ॲडाप्टरमधून. आमच्या गोष्टीतल्या डब्याचा ॲडाप्टर १२ व्होल्टांचा होता.

राहिला डबा. तो दिसायला डबा असला तरी आत एक लहानसा संगणकच आहे. त्याला स्मरण आहे, आज्ञावली आहे, आणि दोन पहारेकरीही आहेत. पहिला पहारेकरी विजेवर नजर ठेवतो. वीज ठराविक पातळीखाली गेली, तर अर्धवट विजेवर भलतेच काही करून बसण्यापेक्षा तो सारे काम थांबवतो आणि वीज सावरली की पहिल्यापासून सुरू करतो. दुसरा पहारेकरी आज्ञावलीवर नजर ठेवतो. आज्ञावलीने ठराविक काळाने त्याला ‘मी जागी आहे’ अशी हाक द्यायची असते. रात्री गस्तवाल्याची हाक आली नाही म्हणजे गावकरी जसे उठून बसतात, तसे हाक चुकली की हा पहारेकरी यंत्राला पुन्हा सुरू करतो.

सांगायचे ते हे की, डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो तो खोडसाळपणाने नव्हे. तो स्वतःला वाचवत असतो. ताप हे जसे दुखण्याचे चिन्ह, तसे हे पुन्हा पुन्हा सुरू होणे. ताप आला म्हणून कोणी रोग्यावर ओरडत नाही. आत काय बिघडले ते वैद्य पाहतो.

आता आम्ही वैद्यकी कशी केली ते ऐका.

पहिला प्रश्न आम्ही आजीला विचारला, कारण दिवसभर घरात तीच असे. “आजी, चित्र जातं की डबा जातो?” आजी म्हणाली, “चित्रासंगं दिवा बी जातो.” एवढ्या उत्तराने निम्मे काम झाले. पावसाने, वाऱ्याने छत्री हलल्याने किंवा ढग दाटल्याने जेव्हा लहर तुटते, तेव्हा चित्राचे चौकोनी तुकडे होतात, ते गोठते, आणि मग ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. डबा मात्र जागा असतो. येथे डबाच निजत होता. म्हणजे छत्री फिरवण्याचे, वाहिन्या पुन्हा शोधण्याचे काम व्यर्थ होते. शेजारच्या एका उत्साही गृहस्थांनी छपरावर चढून छत्री दोनदा हलवली होती. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात तो हाच प्रकार.

दुसरे काम आम्ही त्या मुलीकडे सोपवले. तिला सांगितले की, वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता आख. डबा बंद पडला की घड्याळ पाहायचे, वेळ लिहायची, त्या वेळी घरात कोण होते ते लिहायचे, ऊन होते की पाऊस तेही लिहायचे. आठ दिवस फक्त लिहायचे. डब्याला कोणी हात लावायचा नाही. वडिलांना हे फारसे पटले नाही. चोराच्याच हाती जमाखर्चाची वही दिली असे त्यांना वाटले असावे.

आठ दिवसांनी वही पाहिली. ३१ नोंदी होत्या. वेळा नीट लिहिलेल्या, अक्षर वळणदार. त्यांतून तीन गोष्टी निघाल्या. एक : सकाळी डबा प्रथम लावला की तो बराच वेळ, अर्ध्या-पाऊण तासापर्यंत टिकतो, एकदा बंद पडू लागला की पुढचा प्रत्येक टप्पा आखूड होत जातो. दोन : पावसाच्या दिवशी आणि भर दुपारी पत्रा तापल्यावर प्रकार वाढतो. आणि तीन : चौथ्या दिवशी ती मुलगी आईबरोबर सोयाबीन खुरपायला शेतात गेली होती. त्या दिवशी आजी एकटी कीर्तन पाहत होती. आजीला लिहिता येत नाही, म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे कोळशाने काड्या मारून ठेवल्या होत्या. त्या पाच होत्या.

मुलगी शेतात, रिमोट आजीच्या पदराशी, आणि डबा पाच वेळा बंद! अजून दोष सापडला नव्हता. पण दोष कोणाचा नाही हे त्या पाच काड्यांनी सिद्ध केले होते. बंधुभगिनींनो, दोषशोधनातली ही पहिली पायरी आहे आणि आपण बहुधा तीच गाळतो. दोष कोणाचा हे शोधण्याआधी कोणाचा नाही हे ठरवावे. ते ठरवायला मत लागत नाही, नोंद लागते.

तिसरे काम प्रयोगाचे. आम्ही डब्याचा प्लग काढला, मागची छत्रीची तार सोडवली, आणि छत्रीवाचून डबा लावून ठेवला. पडद्यावर अर्थातच ‘सिग्नल नाही’ ही पाटी. ती पाटी सबंध दुपारभर, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. डबा एकदाही निजला नाही. दुसऱ्या दिवशी तार जोडली, आणि तासाच्या आत डबा निजला. म्हणजे आज्ञावली बिघडलेली नव्हती. डब्याचे दुखणे तार जोडल्यावरच उठत होते.

एक एक गोष्ट दूर करून पाहण्याची ही रीत गरिबाघरची आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशाचा ‘ॲपल’ हा दळणवळणाचा उपग्रह जून १९८१ मध्ये अवकाशात गेला. त्यापूर्वी एका चाचणीसाठी तो लाकडी बैलगाडीवर ठेवून मोकळ्या मैदानात नेला होता. ते छायाचित्र पुढे जगभर गाजले, आणि ते पाहून पुष्कळांना हसू आले. पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. धातूच्या वाहनावर ठेवून चाचणी घेतली, तर दिसणारा परिणाम उपग्रहाचा की वाहनाचा हे कसे कळावे? म्हणून शास्त्रज्ञांनी वाहनच बदलले. अवकाशात गेल्यावर ‘ॲपल’चे दोन सौरपंख्यांपैकी एक पान उघडलेच नाही. तेव्हाही काय बिघडले आणि काय शाबूत आहे याचा शांतपणे हिशेब करून त्या मंडळींनी तो उपग्रह दोन वर्षांहून अधिक काळ वापरला. बैलगाडी मंठ्यात अजून आहे. ती रीत तेवढी आपण उचलायची आहे.

असो. आता छपरावर चला. ठोकळ्याला तार जेथे जोडली जाते, तेथे एक पितळी तोंडाची पिन असते. तिच्यावर रबराची टोपी असावी लागते. येथे टोपी नव्हती. पिनेत पाणी शिरून आत हिरवट गंज चढला होता, आणि तारेच्या बाहेरच्या जाळीचा एक केसाएवढा तंतू मधल्या तांब्याच्या तारेला टेकत होता. वर जाणारी वीज ठोकळ्यात पुरती पोचण्याआधीच या तंतूतून आणि ओल्या गंजातून गळत होती. विहिरीतून पाणी काढावे आणि अर्धे पाटातच मुरावे, तसे. आम्ही तारेचे टोक कापून ताजे केले, नवी पिन बसवली, टोपी घातली. डबा लावला. संपूर्ण संध्याकाळ तो चालला. आम्ही विजयी मुद्रेने चहा घेतला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी निरोप घेऊन आली : “काका, पुन्हा गेला.”

हे मुद्दाम सांगतो, कारण व्याख्यानात लोक आपली फजिती बहुधा गाळतात. आमची चूक अशी की, एक दोष सापडला म्हणजे दोष संपला असे आम्ही धरून चाललो. दोष क्वचितच एकटा राहतो. त्याच्या संगतीने दुसरा तयार झालेला असतो.

तेव्हा आम्ही परत बसून सगळा पुरावा मांडला. आणि दुकानदाराचे ते वाक्य आठवले : “दिवसभर एकदाही बंद पडला नाही.” घरातल्यांना वाटत होते की दुकानदाराने नीट पाहिलेच नाही. पण तो खरे बोलत असेल तर? आम्ही वडिलांना विचारले, “दुकानात काय काय नेलं होतं?” ते म्हणाले, “डबा नेला की.” “आणि ॲडाप्टर?” “तो भिंतीतच होता.”

पाहा, कोडे येथे सुटले. दुकानात डबा त्यांचा होता. पण तार दुकानदाराची, छत्री दुकानदाराची आणि ॲडाप्टरही दुकानदाराचा. दुकानदार खरे बोलत होता, डबाही निर्दोष होता. चुकला तो निष्कर्ष. ‘दुकानात बंद पडत नाही आणि घरी पडतो’ याचा अर्थ ‘घरातले माणूस बंद करते’ असा काढला गेला. त्याचा खरा अर्थ ‘घरी राहिलेली एखादी वस्तू बिघडलेली आहे’ असा होता. एकाच पुराव्यावरून दोन अर्थ निघत होते. त्यांतला माणसावर ठपका ठेवणारा अर्थ आधी सुचला, आणि वस्तूकडे बोट दाखवणारा अर्थ भिंतीतच लटकत राहिला.

शेजारच्या घरून त्याच मापाचा ॲडाप्टर मागून आणला. तो लावला. डबा त्या दिवशी बंद पडला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यात नाही. मग जुन्या ॲडाप्टरला मीटर लावून पाहिले. नुसता असताना तो जवळजवळ १२ व्होल्ट दाखवी. डबा आणि छत्री यांचा भार त्याच्यावर टाकला, आणि तो तापू लागला, की आकडा उतरत उतरत ९ च्याही खाली येई. तेथे डब्यातला पहिला पहारेकरी आपले काम करी. नुसत्या डब्याचा भार तो कसाबसा पेलत होता, म्हणून तार काढल्यावर दुपारभर टिकला. ठोकळ्याचा भार वाढला की मोडत होता. प्लग काढून बराच वेळ तसाच ठेवल्यानंतर तो उघडला, तेव्हा आतला एक कंडेन्सर वरून फुगलेला दिसला.

हा कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण. विजेचा प्रवाह लाटांनी येतो. रांजण भरलेला असला की बाहेर संथ धार मिळते. याच्या आत एक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो, आणि रांजण लहान होत जातो. जाणकारांचा ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. आता मराठवाड्यातला उन्हाळा, वर पत्रा, आणि त्यात छपरावरच्या गळतीमुळे महिनोन्‌महिने ओढावा लागलेला जादा भार! बिचारा ॲडाप्टर तापत राहिला, रांजण सुकत गेला. म्हणजे पहिल्या दोषाने दुसऱ्याला जन्म दिला होता. आम्ही बाप दुरुस्त केला. मुलगा घरातच होता.

येथे आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. डबा पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर आधी पाहावे : चित्र जाते की डबा जातो. डबा जात असेल तर बोर्ड आणि प्लग सैल नाही ना ते पाहावे. डब्यावर रुमाल, फोटो, देवघराची पेटी ठेवलेली असेल तर ती काढावी. त्याच्या भोकांतून आतली ऊब बाहेर जायची असते. मग छत्रीची तार सोडवून तासभर चालवून पाहावा. मग दुसऱ्याचा ॲडाप्टर लावून पाहावा. मात्र व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक हवेत, आणि पिनेच्या आतबाहेरची धन-ऋण बाजू तीच हवी. मग छपरावरची पिन पाहावी. सारे झाल्यावरही डबा चिन्हाच्या पुढेच जात नसेल, तर आज्ञावलीकडे वळावे. सगळे पुसून पहिल्यापासून बसवण्याचा उपाय शेवटी करावा, कारण त्याने पुरावाही पुसला जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला हे कळत नाही. तार जोडण्या-काढण्याआधी प्लग काढावा, विजा चमकत असताना छपरावर जाऊ नये, आणि ॲडाप्टर स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा नवा डबा का आणला नाही? आणला असता तर काय झाले असते ते पाहा. नव्या डब्याबरोबर नवा ॲडाप्टर आला असता. डबा काही महिने चालला असता. छपरावरची गळती तशीच राहून नवा ॲडाप्टरही जुन्याच्या वाटेने गेला असता. आणि मधल्या काळात घरात सर्वांची खात्री झाली असती की, पोरीने जुना डबा मोडला. पैशाने वस्तू बदलता येते. ठपका तसा बदलता येत नाही.

आकाशातून घराघरांत धडा पोचवण्याची कल्पना २०२० मधली नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत आपल्या देशात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टेलिव्हिजनचे संच थेट आकाशातून कार्यक्रम घेत होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण आपल्या सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. तेथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या उभ्या होत्या. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेल्या एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. त्या काळच्या कर्त्या मंडळींनी उपग्रहाइतकीच काळजी खेड्यातल्या संचाच्या दुरुस्तीची केली होती. त्यासाठी देखभालीची केंद्रे उभारली होती. कारण त्यांना ठाऊक होते की, अवकाशातली व्यवस्था कितीही थोर असली तरी शेवटच्या खेड्यातली एक पिन गंजली की त्या मुलापुरता उपग्रह पडल्यासारखाच असतो.

आमच्या गोष्टीत तेच झाले होते. जीसॅट-१५ आपल्या जागी होता. धडे तयार करणारे आपले काम करत होते. मुलगी वही घेऊन बसली होती. मधे काही रुपयांची पिन आणि एक सुकलेला रांजण आडवा आला, आणि त्याचे प्रायश्चित्त त्या साखळीतल्या सर्वांत लहान माणसाला घ्यावे लागले.

त्या मुलीच्या वडिलांविषयी कोणाचे मत वाईट होऊ नये. ते कष्टाळू आणि प्रेमळ गृहस्थ आहेत. पोरीने शिकावे ही कळकळ होती, म्हणूनच त्यांना राग आला. ॲडाप्टरचा उलगडा झाला त्या संध्याकाळी त्यांनी ती वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून सगळ्या ३१ नोंदी वाचल्या. मग कॅलेंडर उलटे करून आजीच्या काड्या मोजल्या. माफी वगैरे शब्द आपल्याकडे बाप मुलीशी बोलताना वापरत नाहीत. ते एवढेच म्हणाले, “कोन्ता पाठ राहिला तुझा?” ती म्हणाली, “अपूर्णांक.”

डबा दुरुस्त झाला. पण गेलेले धडे काही परत आले नाहीत. ते अपूर्णांक पुढे आम्हांला आणि तिच्या वडिलांना मिळून शिकवावे लागले, आणि खरे सांगायचे तर त्यांतले काही आम्हांलाच पुन्हा शिकावे लागले.

आता शेवटचे दोन शब्द. बंद पडणाऱ्या डब्याची जागा आपल्या जीवनात पुष्कळ गोष्टी घेतात. पंप सुरू होत नाही, गडी आळशी ठरतो. पीक जळते, बियाणे विकणारा चोर ठरतो. मुलाला गणित येत नाही, मुलगा मठ्ठ ठरतो. यांत कधी माणसाचा दोष असेलही. नसतोच असे आम्ही म्हणत नाही. पण तो ठरवण्याआधी चार गोष्टी कराव्या : नेमके काय घडते ते पाहावे, आठ दिवस लिहून ठेवावे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि एक दोष सापडल्यावर दुसरा शोधणे थांबवू नये. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या आजीला कोळशाचा तुकडा आणि कॅलेंडरची पाठ पुरली.